लेव्हल उघडून बघणारे : शूटर गेमची रचना लोक कुठे शिकले?

ज्या कामाचं कॉलेज नाही, पाठ्यपुस्तक नाही, शिकवणारा माणूस ओळखीत नाही, ते काम लोक शिकतात कसे? संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा प्रश्न खिशात ठेवावा, कारण तो जवळजवळ कुठल्याही विषयाला लावून बघता येतो. मी तो शूटर गेमच्या लेव्हल्सना लावतो आहे.

शूटर म्हणजे ज्यात आपण पात्राच्या डोळ्यांनी बघतो आणि हातात बंदूक असते तो गेम, हे बहुतेकांना ठाऊक असेल. लेव्हल म्हणजे त्यातली जागा: खोल्या, जिने, दारं, उजेड-अंधार, शत्रू कुठे उभे, गोळ्यांचा डबा कुठे ठेवलेला. १९९३ साली ही जागा रचून पोट भरणारी माणसं फार थोडी होती. दशक संपेपर्यंत तो रीतसर पेशा झाला होता, आणि त्यात आलेल्यांपैकी अनेकजण कुठल्याही वर्गात न बसता, दुसऱ्याच्या गेमचा एडिटर वापरून तयार झालेले होते. 'कंपन्यांनी साधनं दिली, पोरं शिकली' असं याचं सोपं उत्तर दिलं जातं. ते मला पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

सुरुवात वुल्फेन्स्टाइन ३डी पासून करू. इड सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीचा हा गेम मे १९९२ मध्ये आला. त्याचा नकाशा म्हणजे ६४ बाय ६४ चौकोनांचा तक्ता. चौकोनी वहीवर पेन्सिलीनं काढावा तसा. खेळणाऱ्यांनी फाइलची रचना स्वतःच उलगडली आणि नकाशे बदलायचे प्रोग्रॅम लिहिले. कंपनीनं हे करायला सांगितलं नव्हतं. अडचण एवढीच, की नवा नकाशा घालायचा तर मूळ फाइलवरच लिहावं लागे, म्हणजे मूळ गेम बिघडायचा.

१० डिसेंबर १९९३ ला डूम आला तेव्हा ही अडचण मुद्दाम काढून टाकलेली होती. जॉन कार्मॅकनं गेम चालवणारा प्रोग्रॅम एकीकडे आणि चित्रं, आवाज, लेव्हल्स हा सगळा माल दुसरीकडे ठेवला. या मालाच्या फाइलला वॅड म्हणतात. आपली छोटी वॅड बनवायची, गेम सुरू करताना तिचं नाव द्यायचं, की मूळ लेव्हलच्या जागी आपली लेव्हल उघडते. मूळ फाइलला धक्का लागत नाही. डेव्हिड कुशनर यांच्या 'मास्टर्स ऑफ डूम' या पुस्तकात वाचलंत तर दिसेल, की एवढं मोकळं सोडावं का यावर कंपनीत सगळ्यांचं एकमत नव्हतं. तोडगाही व्यवहारी निघाला: फुकट वाटलेल्या आवृत्तीत बाहेरची वॅड चालायची नाही, विकत घेतलेल्या आवृत्तीतच चालायची. म्हणजे औदार्य होतं, पण गल्ल्यावर नजर ठेवून.

आता 'कंपन्यांनी साधनं दिली' या वाक्याकडे बघा. इडचा स्वतःचा एडिटर, डूमएड, नेक्स्ट कंपनीच्या महागड्या संगणकांवर चालायचा. घराघरांत डॉसवाले पीसी. त्यामुळे तो एडिटर दिला असता तरी बहुतेकांना शोभेचाच झाला असता. लोकांच्या हातात पडला तो डीईयू. जानेवारी १९९४ मध्ये, म्हणजे गेम आल्यावर दोनेक महिन्यांच्या आत, न्यूझीलंडच्या ब्रेंडन वायबर यांनी तो सोडला आणि पुढे बेल्जियमच्या राफाएल किने यांनी वाढवला. वॅडच्या आत कुठला बाइट काय सांगतो याचं अनधिकृत टिपण मॅट फेल यांनी लिहून इंटरनेटवर ठेवलं. तेव्हा कंपनीनं दार लोटून ठेवलं होतं हे खरं; पण कडीकोयंडा, पायरी, अंगण लोकांनी केलं. संशोधनात 'कोणी दिलं' आणि 'कोणी वापरण्याजोगं केलं' हे दोन प्रश्न वेगळे ठेवायची सवय लावून घ्या. एकाच वाक्यात दोन्ही कोंबले, की श्रेय आपोआप मोठ्या नावाकडे घरंगळतं.

आता मुद्द्याच्या जागी येऊ. डीईयू उघडल्यावर शिकणाऱ्याला दिसायचं काय?

पडद्यावर वरून बघितलेला आराखडा. बिंदू, बिंदूंना जोडणाऱ्या रेषा, रेषांनी वेढलेले भाग. या भागाला सेक्टर म्हणतात. प्रत्येक सेक्टरला जमिनीची उंची, छताची उंची, दोन्हींवरचं टेक्स्चर आणि उजेडाचा एक आकडा. एका खोलीवर दुसरी खोली डूममध्ये बांधता येत नाही, कारण मुळात तो सपाट नकाशा आहे. खेळाडू २४ एककांपर्यंतची पायरी आपोआप चढतो. २५ ची चढत नाही. एवढं कळलं, की एकतर्फी रस्ता कसा बनतो ते कळलं: उडी मारून खाली उतरता येतं, परतायला दुसरी वाट शोधावी लागते. एका आकड्याच्या फरकानं खेळाडूच्या मनात 'आता मागे फिरता येणार नाही' ही भीती तयार होते.

किंवा घात बघा. खेळताना आपण चावी उचलतो, मागची भिंत सरकते आणि आतून राक्षस बाहेर पडतात. पहिल्यांदा खुर्चीतच दचकायला होतं. तीच जागा एडिटरमध्ये उघडली, की जमिनीवर एक साधी रेघ दिसते. रेघेला एक क्रमांक, आणि भिंतीमागच्या बंद कोठडीलाही तोच क्रमांक. रेघ ओलांडली की कोठडी उघडते, बस. आवाजाचंही तसंच. बंदुकीचा आवाज एका सेक्टरमधून दुसऱ्यात पसरतो आणि राक्षस जागे होतात. पण काही रेघांवर 'आवाज अडवा' अशी खूण असते. अशी एक रेघ आवाज ओलांडतो, दुसरीपाशी थांबतो. कुठले राक्षस पहिल्याच गोळीला धावून येतात आणि कुठले आपल्या खोलीत स्वस्थ बसतात, हे रचनाकारानं ठरवलेलं असतं. नुसतं खेळून हे लक्षात यायला फार वेळ लागला असता. फाइल उघडली की समोरच.

गवयाची तान ऐकून शिकणं वेगळं आणि त्याच्या गळ्यात काय घडतंय ते दिसणं वेगळं. डूमच्या शिकाऊ पोरांना हे दुसरं मिळालं, तेही गेममधल्या एकूणएक लेव्हलच्या बाबतीत. कारण साधं आहे, आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे: डूममध्ये खेळायची फाइल आणि घडवायची फाइल एकच आहे. जी वॅड गेम वाचतो, तीच एडिटर वाचतो. विकत घेतलेला माल हाच पाठ.

पहिलीच लेव्हल घ्या, 'हँगर', जॉन रोमेरोनं रचलेली. सुरुवातीच्या खोलीच्या खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं आणि त्यात निळं चिलखत पडलेलं. तिथे जायचा सरळ रस्ता नाही. गुप्त वाटेनं जावं लागतं. रोमेरोनं पुढे एका मुलाखतीत आपले नियम सांगितले. त्यातला एक असा, की खेळाडूला बाहेरची जागा दिसत असेल तर तिथे पोचायचा काही ना काही मार्ग असला पाहिजे. दुसरा, जमिनीचं टेक्स्चर बदलताना उंचीही बदलायची. आता इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे थांबायचं. मुलाखत नंतरची, माणूस आपल्या जुन्या कामाला मागाहून शिस्त लावून सांगतो, आपण सगळेच सांगतो. पण इथे नशिबानं १९९३ ची फाइल आपल्याकडे जशीच्या तशी आहे. अंगणाचा नियम 'हँगर'मध्ये पाळलाय हे एडिटरमध्ये दोन मिनिटांत दिसतं. उंचीच्या नियमासाठी सेक्टर एकेक करून तपासता येतात. आठवणीला कागदाशी ताडून बघायचं ही जी पद्धत आपण बखरी आणि दफ्तरांच्या बाबतीत शिकतो, तीच इथे चालते. फरक एवढाच, की इथलं दफ्तर चालू होतं, आत शिरता येतं.

शिकण्याचा दुसरा मार्ग चुकांचा. भिंतीच्या एखाद्या भागाला टेक्स्चर द्यायचं राहिलं, की तिथे आधीचं चित्र पुसलंच जात नाही आणि पडदा आरसेमहालासारखा बरबटतो. एका नजरेत फार गुंतागुंत ठेवली, म्हणजे वेगवेगळ्या उंचीच्या, उजेडाच्या, टेक्स्चरच्या जमिनी आणि छतं फार झाली, की मूळ गेम सरळ बंद पडायचा. जमीन-छतांच्या अशा तुकड्यांना व्हिजप्लेन म्हणतात आणि त्यांची मर्यादा होती १२८. त्यामुळे मोठं दृश्य कुठे भिंत घालून तोडायचं, वळण कुठे द्यायचं हे लोक शिकले ते सौंदर्यशास्त्र वाचून नाही. गेम बंद पडू नये म्हणून. पण भिंत घातली की पलीकडचं झाकलं जातं, आणि झाकलं की उत्सुकता वाढते. तंत्राची अट आणि रचनेची समज इथे इतकी एकमेकांत मिसळली आहे, की ती वेगळी काढायचा हट्ट मी सोडून दिलाय.

एक उदाहरण मला विशेष आवडतं. जस्टिन फिशर यांनी १९९४ मध्ये 'एलियन्स' चित्रपटावर आधारलेलं डूमचं संपूर्ण रूपांतर केलं. त्याच्या पहिल्या लेव्हलमध्ये एकही शत्रू नाही. तुम्ही रिकाम्या तळावर फिरता, मोडतोड बघता, आणि प्रत्येक वळणावर वाटतं की आता येईल. येत काही नाही. शूटरमध्ये गोळी झाडायलाच न लावणं हे धाडस एका हौशी माणसानं दुसऱ्याच्या गेमच्या फाइल्स बदलून केलं. एडिटरनं फक्त नक्कल शिकवली असती तर हे झालं नसतं.

आता साधनांबद्दल, कारण तुमच्यापैकी अनेकांना पुढे हीच अडचण येणार. हौशी कामाचा पुरावा शोधायचा कुठे? डूमच्या बाबतीत उत्तर आहे टेक्स्ट फाइल. वॅड सार्वजनिक साठ्यात चढवताना सोबत एक छोटी मजकुराची फाइल द्यायची पद्धत पडली, आणि तिचा ठरलेला साचा होता. लेव्हलचं नाव, कर्त्याचं नाव, एकट्यानं खेळायची की अनेकांनी, कुठला एडिटर वापरला, किती वेळ लागला, माहीत असलेले दोष कोणते, आणि माझ्या दृष्टीनं सोन्याची ओळ: 'आधार'. म्हणजे लेव्हल कोऱ्या पानावरून केली की कुठल्या जुन्या लेव्हलवरून. शिवाय परवानगीची एक ओळ: इतरांनी माझी लेव्हल आधाराला घ्यावी की घेऊ नये.

विचार करा, किती शिकाऊ कारागीर आपल्या पहिल्यावहिल्या कामावर 'हे मी कशावरून शिकलो' असं लिहून ठेवतात? म्हणून ही साधनं अमूल्य आहेत. पण भाबडेपणानं वाचू नका. लागलेला वेळ कर्ता स्वतः सांगतो, आणि त्या वयात वेळ कमी सांगण्यातही मिरवणं असतं, जास्त सांगण्यातही. 'कोऱ्या पानावरून' असं लिहिलेलं असलं तरी खोलीच्या बिंदूंची मांडणी मूळ लेव्हलशी जुळते का, हे तपासता येतं आणि तपासावं. आणि साठ्यात चढली तीच फाइल उरली. जी मित्राच्या फ्लॉपीवर राहिली, जी अर्धवट सोडली, तिचा पत्ता नाही. शिकण्याच्या इतिहासात अर्धवट सोडलेलं काम सगळ्यात बोलकं असतं, आणि नेमकं तेच जातं.

पुढे जून १९९६ मध्ये क्वेक आला आणि गोष्ट वळली. क्वेकची जागा खऱ्या अर्थानं त्रिमितीय. ठोकळे रचून खोली बनवायची, मग ती फाइल तीन प्रोग्रॅममधून जायची: एक जागेचे तुकडे पाडतो, दुसरा उजेड मोजतो, तिसरा कुठून काय दिसतं याचा हिशेब करतो. हा तिसरा हिशेब मोठ्या लेव्हलला रात्रभर चालू ठेवावा लागे. लेव्हल पाण्याच्या टाकीसारखी सगळीकडून बंद हवी. कुठे फट राहिली तर 'लीक', आणि हिशेबच होत नाही. या प्रक्रियेतून जी फाइल बाहेर पडते तीच गेम वाचतो. एडिटरला मात्र आधीची कच्ची फाइल लागते, आणि ती कंपनीकडे. खेळायची फाइल आणि घडवायची फाइल वेगळ्या झाल्या.

इथे माझं गृहीतक येतं. एडिटर चांगला की वाईट, फुकट की विकत, यापेक्षा या दोन फाइल्स एक आहेत की वेगळ्या, यावर शिकण्याचा मार्ग ठरला. एका बाजूला डूम; १९९६ चा ड्यूक न्यूकेम ३डी, ज्याच्या सीडीवरच केन सिल्व्हरमन यांचा बिल्ड एडिटर होता; आणि १९९८ चा अनरिअल, ज्याच्यासोबत टिम स्वीनी यांचा अनरिअलएड आला. या तिघांच्या लेव्हल्स थेट एडिटरमध्ये उघडतात. दुसऱ्या बाजूला क्वेक आणि हाफ-लाइफ. हाफ-लाइफबरोबर वर्ल्डक्राफ्ट हा बेन मॉरिस यांचा एडिटर मिळायचा. वापरायला तो डीईयूपेक्षा कितीतरी सोयीचा. साधन सुधारलं, पण उस्तादाचं काम उघडून बघायची सोय गेली. मग अशा ठिकाणी शिकणं लिखित धड्यांवर, एकमेकांच्या समीक्षेवर आणि खेळून केलेल्या अंदाजांवर जास्त टेकलं असावं, असं मला वाटतं. 'असावं' हा शब्द मुद्दाम. हे अजून सिद्ध व्हायचंय.

आणि गृहीतकाला छेद देणारं उदाहरण स्वतःच पुढे ठेवावं, नाहीतर व्हायवाला कोणीतरी ठेवतंच. ते म्हणजे 'डस्ट'. काउंटर-स्ट्राइक हा हाफ-लाइफवर मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी केलेला बदल, १९९९ चा. त्याची ही लेव्हल डेव्ह जॉन्स्टन या किशोरवयीन ब्रिटिश मुलानं रचली. नंतरची 'डस्ट २' तर आपल्याकडच्या सायबर कॅफेंतही कित्येकांना तोंडपाठ होती. पुण्या-मुंबईतल्या त्या पिढीला 'लाँग' आणि 'बी साइट' सांगावं लागत नाही. जॉन्स्टननं लिहून ठेवलंय, की 'डस्ट'ची प्रेरणा टीम फोर्ट्रेस २ च्या, तेव्हा न आलेल्या गेमच्या, काही चित्रांतून मिळाली. म्हणजे उघडायला फाइल नव्हती, खेळायला गेमही नव्हता; चित्रं बघून त्यानं जागा कल्पिली. माझं गृहीतक यानं मोडतं का? मोडत नाही, पण वाकतं. रचनेचं व्याकरण एक असतं आणि जागेची कल्पना दुसरी. पहिलं शिकायला उघडी फाइल लागते. दुसऱ्याला कदाचित बंद दाराची फटही पुरते. प्रबंधात मला ही दोन वेगळी प्रकरणं करावी लागणार, हे जॉन्स्टनमुळे कळलं.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. या शिकाऊ कामावर मालकी कोणाची? ड्यूक न्यूकेमच्या परवान्यात लेव्हल्स फुकटच वाटायची अट होती. मायक्रो स्टार या कंपनीनं इंटरनेटवरून ३०० हौशी लेव्हल्स उतरवून 'न्यूक इट' नावानं सीडी विकली. खटला झाला. मायक्रो स्टारचं म्हणणं, लेव्हलच्या फाइलमध्ये मूळ गेमचं एकही चित्र नाही, ती केवळ कुठे काय ठेवायचं याची यादी आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयानं ते मानलं नाही: ही यादी मूळ गोष्टीचा पुढचा भागच सांगते, तेव्हा हे मूळ कृतीवर आधारलेलं काम आहे आणि असे पुढचे भाग काढायचा हक्क मूळ मालकाचा. कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न सुटला. पण भांडण दोन कंपन्यांचं होतं. ज्या ३०० लेव्हल्सवरून ते झालं त्या रचणारे त्यात पक्षकारच नव्हते.

दुसऱ्या बाजूला नोकऱ्याही मिळाल्या. टिम विलिट्स डूमच्या लेव्हल्स करता करता १९९५ मध्ये इडमध्ये गेले. डॅरिओ आणि मायलो कसाली या भावांनी १९९६ च्या 'फायनल डूम'चा अर्धा भाग रचला, आणि डॅरिओ पुढे हाफ-लाइफ करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये लागले. 'फायनल डूम'चा दुसरा अर्धा भाग टीम टीएनटी या हौशी गटाचा. तो फुकट वाटायचं ठरलेलं असताना ऐनवेळी इडनं विकत घेतला आणि वाट बघणारे खेळाडू चिडले. ज्युलियन क्यूक्लिश यांनी २००५ मध्ये या खेळ-मजुरीला 'प्लेबर' असा शब्द दिला. हौस म्हणून केलेलं काम उद्योगाच्या पदरात पडतं ते कसं, हे त्यांनी मांडलं. मला तो शब्द उपयोगी वाटतो, पण पुरेसा नाही. शिकणाऱ्यालाही काहीतरी मिळत होतं, आणि ते नेमकं काय, किती, कोणाला, हे नाव मोठं झालेल्यांच्या मुलाखतींवरून कळणार नाही. ज्यांनी दोन लेव्हल्स केल्या आणि पुढे बँकेत नोकरी धरली, त्यांच्या टेक्स्ट फाइल्स वाचाव्या लागतील.

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात २००३ मध्ये गिल्डहॉल सुरू झाला आणि तिथे लेव्हल डिझाइन हा रीतसर शिकायचा विषय झाला. पुढे अनरिअल, युनिटी ही इंजिनंच सगळ्यांना मोकळी मिळू लागली. आज शिकणाऱ्याला साधनांची ददात नाही. पण इंजिन उघडलं की समोर कोरं पान असतं, कोणाची तयार लेव्हल नसते.

माझ्या गृहीतकासाठी एक चाचणी मात्र हाताशी आहे. २००६ मध्ये रोमेरोनं क्वेकच्या मूळ कच्च्या मॅप फाइल्स खुल्या केल्या. म्हणजे दहा वर्षं बंद असलेलं दार एका ठरावीक तारखेला उघडलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या हौशी क्वेक लेव्हल्स शेजारी ठेवल्या तर ठोकळ्यांच्या मांडणीत, दारांच्या चौकटींत, जिन्यांच्या मापांत मूळ लेव्हल्सची नक्कल वाढलेली दिसते का? अडचणी आहेतच. याच काळात संगणक बदलले, एडिटर बदलले, आणि नंतरच्या लेव्हल्सच्याही कच्च्या फाइल्स क्वचितच मिळतात. त्यामुळे तुलना बाहेर पडलेल्या पक्क्या फाइल्सवरूनच करावी लागेल, आणि त्यासाठी आधी माप कशाचं घ्यायचं ते ठरवावं लागेल. सध्या मी दारांपासून सुरुवात केली आहे.